शितावरून भाताची परीक्षा



शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. पातेलं घरच्या पाच माणसांचं असो की लग्नाच्या पंगतीचं, एक शीत बोटात चेपलं की भात शिजला की कच्चा ते कळतं. पण त्याच शिताला विचारलं, "पंगतीला पुरेल का?" तर ते बिचारं काय सांगणार? त्यासाठी पातेल्यातच डोकवावं लागतं, तांदूळ किती किलो घेतला होता ते आठवावं लागतं.

म्हणजे एकाच भाताला आपण दोन निराळ्या जातीचे प्रश्न विचारतो. एक, कसा आहे? दुसरा, किती आहे? रसायनशास्त्रात प्रत्येक वस्तूच्या गुणांची अशीच दोन गटांत वाटणी केलेली आहे. वजन, आकारमान हे गुण वस्तू वाढली की वाढतात आणि त्यांची बेरीज होते. दोन किलो गुळात तीन किलो गूळ टाकला की पाच किलो होतो. गोडीचं तसं नाही. गुळाची ढेप दुप्पट झाली म्हणून गूळ दुप्पट गोड लागत नाही. खडा तोडा नाहीतर ढेप फोडा, गोडी तीच. गोडी, खारटपणा, दाटपणा, तापमान हे सगळे या दुसऱ्या गटातले. आज आपण पहिल्या गटाला बेरजेचे गुण म्हणू आणि दुसऱ्याला शिताचे गुण म्हणू.

ही वाटणी माणसाच्या लक्षात कशी आली, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. ती सोन्याच्या मुकुटापासून सुरू होते आणि आपल्या हातातल्या दुधाच्या पावतीपर्यंत येते. आणि गंमत बघा, या गोष्टीत जवळजवळ प्रत्येक वळणावर कोणीतरी कोणाला तरी फसवत असतं.

पहिली फसवणूक सोन्याची. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सिराक्यूज नावाच्या शहरात हिएरो नावाचा राजा होता. हे शहर आजच्या इटली देशातल्या सिसिली बेटावर आहे. राजाने देवाला वाहण्यासाठी सोन्याचा मुकुट करायला दिला. सोनं तोलून दिलं. सोनाराने मुकुट आणून दिला, तोही तोलून घेतला. वजन बरोबर भरलं. तरी राजाच्या कानावर आलं की सोनाराने थोडं सोनं काढून घेतलं आणि तेवढ्याच वजनाची चांदी घातली. आता हे ओळखायचं कसं? मुकुट तर मोडायचा नाही.

राजाने हे काम आर्किमिडीज या विद्वानाकडे सोपवलं. काठोकाठ भरलेल्या टबात उतरताना पाणी बाहेर सांडलं आणि त्याला युक्ती सुचली, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत ऐकली असेल. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन लेखकाने ती जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहून ठेवली, तेव्हा त्यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती, ते बाजूला ठेवू. त्यातली युक्ती मात्र पक्की आहे.

एक घन सेंटिमीटर सोनं घेतलं, म्हणजे साधारण खेळातल्या लहान फाशाएवढं, तर ते १९.३ ग्रॅम भरतं. तेवढीच चांदी घेतली तर ती १०.५ ग्रॅमच भरते. म्हणून एक किलो शुद्ध सोनं पाण्यात बुडवलं तर ५२ मिलिलिटर पाणी बाजूला सारतं. त्यात ३०० ग्रॅम सोन्याच्या जागी चांदी असेल, तर तोच एक किलोचा मुकुट ६५ मिलिलिटरच्या आसपास पाणी सारेल. वजन तेच, पण जागा जास्त अडवली. म्हणजे घनता कमी झाली. सोनार वजन भरून काढू शकला, कारण वजन हा बेरजेचा गुण आहे. त्यात कशाचीही भर घालता येते. घनता हा शिताचा गुण आहे. ती सोन्याची सोन्याचीच राहते, मग तुमच्याकडे मणी असो की मुकुट.

पुढची गोष्ट एका बाईची आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हायपेशिया नावाची विदुषी होती. गणित आणि खगोलशास्त्र शिकवायची. लांबलांबून विद्यार्थी तिच्याकडे शिकायला यायचे. सिनेशियस नावाच्या तिच्या एका शिष्याने सुमारे १६०० वर्षांपूर्वी तिला पत्र लिहिलं आणि एक उपकरण बनवून घेऊन पाठवायला सांगितलं. ते कसं हवं तेही त्याने लिहिलं. नळीसारखं, त्यावर आडव्या खुणा, आणि ते पाण्यात उभं राहावं म्हणून खालच्या टोकाला वजन. नळी किती खोल बुडते ते खुणांवरून मोजायचं आणि पाणी किती जड ते ठरवायचं.

मैत्रिणींनो, हे वर्णन ऐकून डोळ्यांसमोर काय आलं? डेअरीत दुधात सोडतात ती काचेची नळी, लॅक्टोमीटर! पातळ द्रवात नळी खोल बुडते, जड द्रवात वर तरंगते. या तत्त्वाच्या उपकरणाचं इतकं जुनं वर्णन एका बाईला लिहिलेल्या पत्रात सापडतं. इसवी सन ४१५ मध्ये जमावाने हायपेशियाची हत्या केली. ते पत्र मात्र टिकलं.

ही नळी बादलीत सोडा, नाहीतर पेल्यात सोडा. द्रव एकच असेल तर ती सारख्याच खुणेपर्यंत बुडते. शिताचा गुण मोजणारं उपकरण ते हेच.

घनतेसारखंच तापमानाचंही आहे, पण हे नीट उलगडायला माणसाला फार काळ लागला. साठ अंशाच्या एक बादली पाण्यात साठ अंशाचं दुसरी बादली पाणी ओतलं, तर एकशेवीस अंश होत नाही, साठच राहतं. पण दोन बादल्या तापवायला सरपण मात्र दुप्पट लागतं, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला पहिल्यापासून ठाऊक आहे. फ्रान्समधल्या निकोल ओरेम या विद्वानाने चौदाव्या शतकात लिहिलं की उष्णतेसारख्या गुणाला दोन अंगं असतात, तीव्रता आणि विस्तार. पुढे १७६० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञाने स्पष्ट सांगितलं की तापमान वेगळं आणि उष्णता किती ते वेगळं. थर्मामीटर तापमान दाखवतो, सरपणाचा हिशेब दाखवत नाही.

आता येऊ दुधाकडे, कारण या दोन गुणांची खरी झटापट दुधातच झाली.

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचा प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथले शेतकरी मुख्यतः गहू पिकवायचे. जमिनीचा कस गेला, पिकाला कीड लागली, भाव पडले, तेव्हा ते गाईंकडे वळले. लोणी आणि चीज करणारे कारखाने निघाले. शेतकरी दूध घेऊन जायचा, ते तोललं जायचं आणि सगळ्यांच्या दुधात एकत्र ओतलं जायचं. पैसे वजनावर.

यात काय होणार ते आपण ओळखलंच असेल. पाण्यालाही वजन असतं. दुधात पाणी घातलं की पाणी दुधाच्या भावाने विकलं जायचं. दुसरा कोणी घरी साय काढून घ्यायचा आणि उरलेलं दूध घालायचा. आणि ज्याच्या गाईचं दूध मुळातच दाट, जो काही भेसळ करत नव्हता, त्याला इतरांइतकाच भाव. त्याच्या लोण्याचे पैसे पाणी घालणाऱ्याच्या खिशात. वजन या बेरजेच्या गुणावर सगळा व्यवहार चालला, म्हणून प्रामाणिक माणूस बुडाला.

मग लॅक्टोमीटर लावून बघूया, असं वाटेल. तेही तेव्हा होतं. पण त्यात एक खोच आहे. चांगल्या दुधात लॅक्टोमीटर साधारण ३० दाखवतो, म्हणजे एक लिटर दूध १०३० ग्रॅम भरतं. दहा लिटरमध्ये एक लिटर पाणी असेल तर आकडा २७ वर येतो आणि चोरी पकडली जाते. पण साय पाण्यापेक्षा हलकी असते. म्हणून दुधातली साय काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं आणि आकडा ३० वरून ३४-३५ वर चढतो! मग त्या दुधात पाणी घालायचं, साडेसहा लिटरला साधारण एक लिटर. आकडा पुन्हा ३० वर. साय गेली, पाणी आलं, आणि नळी म्हणते दूध उत्तम. एकाच आकड्यावर भरवसा ठेवला तर असं होतं. शिताचा गुण खरा बोलतो, पण त्याला विचारलं तेवढंच सांगतो.

म्हणजे दुधात स्निग्धांश किती, ज्याला आपण फॅट म्हणतो, तेच थेट मोजायला हवं होतं. प्रयोगशाळेत ते मोजता यायचं, पण त्याला वेळ लागायचा आणि शिकलेला रसायनतज्ज्ञ लागायचा. गावोगावच्या केंद्रावर रोज शेकडो जणांचं दूध येणार, तिथे हे कसं जमणार?

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कृषी केंद्रात स्टीफन बॅबकॉक नावाचे रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी १८९० मध्ये यावर तोड काढली. लांब मानेच्या बाटलीत मोजून १७.६ मिलिलिटर दूध घ्यायचं. त्यात जवळजवळ तेवढंच तीव्र गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड घालायचं. ते ॲसिड दुधातलं बाकीचं सगळं विरघळवून टाकतं, फॅटला तेवढं सोडतं. मग बाटली चक्रात घालून गरागरा फिरवायची, गरम पाणी घालायचं, पुन्हा फिरवायची. हलकं फॅट वर येऊन बाटलीच्या मानेत जमतं. मानेवर खुणा असतात, त्या वाचायच्या. चार खुणा भरल्या तर शंभर किलो दुधात चार किलो फॅट. काही मिनिटांचं काम, आणि साधा माणूस शिकून करू शकेल असं.

बॅबकॉक यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. हवं त्याने वापरावं म्हणून पद्धत छापून मोकळी केली. त्यानंतर तिकडे दुधाचे पैसे फॅटवर मिळू लागले. पाणी घालून फायदा उरला नाही, कारण पाणी घातलं की लिटर वाढतात तेवढं फॅट उतरतं. कोणती गाय खरी कमावती आणि कोणती नुसती बादली भरणारी, हेही शेतकऱ्याला कळू लागलं. धर्मग्रंथाने जितके गवळी प्रामाणिक झाले नाहीत तितके या बाटलीने केले, अशी एक जुनी थट्टा तिकडे सांगतात.

जवळजवळ त्याच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी अशीच पद्धत बसवली. १० मिलिलिटर ॲसिड, १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, मग चक्र. आपल्याकडच्या डेऱ्यांमध्ये रुजली ती ही गर्बरची पद्धत. आता गावोगाव विजेवर चालणारी यंत्रं आली आहेत, ॲसिड न घालता आकडा दाखवतात. प्रश्न मात्र तोच विचारतात, या दुधात शेकडा किती फॅट?

शास्त्रज्ञांनी या दोन गटांना रीतसर नावं दिली ती यानंतर. जर्मनीचे गेओर्ग हेल्म यांनी १८९८ मध्ये आणि अमेरिकेचे रिचर्ड टोलमन यांनी १९१७ मध्ये. म्हणजे नाव पडण्याआधीच दुधाच्या बाजारात त्यांचा न्याय सुरू झाला होता.

आपल्या देशात १९४६ मध्ये गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या दूधउत्पादकांनी आपला सहकारी संघ काढला. पुढे तोच अमूल म्हणून प्रसिद्ध झाला. गावच्या सोसायटीत दूध मोजायचं, प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचा, फॅट तपासायचं आणि त्याप्रमाणे पैसे द्यायचे, ही रीत तिथून देशभर गेली. १९७६ साली 'मंथन' हा चित्रपट आला, आपली स्मिता पाटील त्यात होती. गुजरातमधल्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून तो तयार केला. त्यातही भांडण आहे ते दुधाच्या खऱ्या भावाचंच.

आता आपली पावती बघू. तिच्यावर लिटर आहे, तो बेरजेचा आकडा. फॅट आहे आणि एसएनएफ आहे, हे शिताचे आकडे. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी वगळून दुधात उरणारा ऐवज, म्हणजे प्रथिनं, साखर, क्षार. दोन आकडे कशाला, एक फॅट पुरे नाही का? नाही. म्हशीचं ७ फॅटचं एक लिटर दूध घेतलं आणि त्यात एक लिटर पाणी घातलं, तर फॅट ३.५ वर येतं. गाईचं दूध म्हणून ते सहज खपेल. पण म्हशीच्या दुधातला ९ चा एसएनएफ साडेचारवर येतो आणि चोरी उघडी पडते. म्हणून गाईला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६ आणि ९, असे जोडीने आकडे आपल्याला ऐकायला मिळतात. एक आकडा दुसऱ्यावर पहारा करतो.

गाय-म्हैस दोन्ही असतील आणि दूध एकत्र घालत असाल, तर हिशेब असा. म्हशीचं ४ किलो दूध, फॅट ७. गाईचं ६ किलो, फॅट ३.५. किलोंची बेरीज होते, १० किलो. फॅटच्या आकड्यांची बेरीज होत नाही, आणि दोन्ही मिळवून अर्धं करूनही चालत नाही. आधी फॅट ग्रॅममध्ये काढायचं. म्हशीचं २८० ग्रॅम, गाईचं २१० ग्रॅम, मिळून ४९० ग्रॅम. दहा किलोत ४९० ग्रॅम म्हणजे ४.९ फॅट. पावतीवर याच्या आसपासचा आकडा यायला हवा. दोन्ही दुधांचे भाव वेगळे असतील, तर एकत्र करण्याआधी कशात जास्त पैसे पडतात तेही गटात बसून मांडून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शितावरून भाताची परीक्षा कधी खरी ठरते? सगळा भात सारखा शिजला असेल तेव्हाच. वर कच्चा आणि खाली करपलेला असेल, तर शीत खोटं बोलतं. दुधाचंही तसंच. दूध ठेवलं की फॅट वर यायला लागतं. न ढवळता किटलीच्या तळाचा नमुना घेतला तर फॅट कमी दिसणार, वरचा घेतला तर जास्त दिसणार. नमुना दहा-अकरा मिलिलिटरचा, पण निकाल सगळ्या किटलीवर लागतो. रोज ८ किलो दूध घालणाऱ्या बाईच्या फॅटमध्ये ०.३ ची चूक झाली, तर दिवसाला २४ ग्रॅम फॅट जातं, महिन्याला ७२० ग्रॅम. ते तूप आपल्या हातात असतं तर आपण सांडू दिलं असतं का?

दूध काढतानाही हेच ध्यानात ठेवायचं. पहिल्या धारांत फॅट कमी असतं, शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त. घाईत कास पूर्ण मोकळी केली नाही, तर लिटर थोडंसंच घटतं, पण फॅट जास्त घटतं. आणि लॅक्टोमीटर कोमट दुधात सोडला तर आकडा कमी येतो, कारण गरम दूध पातळ होतं. तो कोणत्या तापमानाला वाचायचा ते नळीवर लिहिलेलं असतं. तेव्हा धारोष्ण दुधाला डिग्री कमी लागली म्हणून लगेच मान खाली घालायची नाही, दूध किती गरम होतं ते विचारायचं.

मैत्रिणींनो, पैसे येतात ते गुणाकारातून, किती गुणिले कसं. म्हणून नुकसानाच्या वाटाही दोन. लिटरचं माप खोटं असलं तर शुद्ध दुधाचेही पैसे कमी येतात. नमुना चुकीचा असला तर माप कितीही खरं असो, घाटाच. फक्त लिटरकडे बघणारी आणि फक्त फॅटकडे बघणारी, दोघी अर्ध्याच जाग्या.

उद्या संकलन केंद्रावर जाल तेव्हा माप काठापर्यंत भरून घेतात की फेसासकट, ते बघा. नमुना घेण्याआधी, "दादा, दूध वर-खाली ढवळून घ्या," असं मोकळेपणी सांगा. त्यात कोणावर संशय नाही, तो तपासणीचा नियमच आहे. पावत्या जपून ठेवा आणि महिन्याच्या बैठकीत चौघींनी मिळून आकडे शेजारी शेजारी मांडा. चारा तोच, जनावर तेच, आणि फॅट एकाएकी उतरलं असेल, तर कारण विचारण्याचा हक्क आपला आहे.